सकाळी नऊला लावलेली गाडी

बाजारपेठेत गाडी लावायला वेळेची मर्यादा घातली, की पुढचे संवाद सगळ्यांना पाठ असल्यासारखे सुरू होतात. व्यापारी निवेदन देतात, गिऱ्हाईक पळेल, आमच्या पोटावर पाय येईल. पालिका म्हणते, नियम सर्वांना सारखा, शिस्त लागलीच पाहिजे. गिऱ्हाईक दंडाची पावती नाचवत ओरडते, ही सरळसरळ लूट आहे. मग दंडाच्या रकमेवर घासाघीस होते आणि ती थोडी खाली येते. चार दिवस कारवाई जोरात चालते, पाचव्या दिवशी थंडावते, आणि पुढचा गर्दीचा हंगाम आला की तोच खेळ पहिल्यापासून. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. दुकानासमोरची ती जागा आज सकाळपासून नेमकी कुणी अडवली होती?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बाजाराच्या रस्त्यावर गाडी उभी करायला वेळेची मर्यादा हवी, आणि जिथे मागणी फार आहे तिथे पैसेही पडायला हवेत. यात खरा फायदा दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचाच आहे. पण दंड लहान असावा, तो हमखास व्हावा, आणि त्याच्या उत्पन्नावर कुणाचीही चूल पेटत नसावी. दंडाची वसुली दरवर्षी वाढते आहे असे एखादी पालिका अभिमानाने सांगत असेल, तर ती स्वतःच्याच नापास झाल्याचे प्रगतिपुस्तक वाचून दाखवते आहे. व्यापारी या म्हणण्याच्या पहिल्या अर्ध्यावर अडतात, पालिका दुसऱ्या अर्ध्यावर. म्हणून वाद सुटत नाही.

दुकानासमोरच्या एका गाडीच्या जागेकडे जरा जवळून पाहू. लांबी जेमतेम पाच मीटर. दुकान दहा तास उघडे असते. सरासरी पाऊण तासाची खरेदी धरली, मधला रिकामा वेळ सोडून दिला, तरी या पाच मीटरवर दिवसात दहा गिऱ्हाइके येऊन जाऊ शकतात. प्रत्यक्षात काय होते? सकाळी नऊला बाजार रिकामा असतो, तेव्हा पहिली गाडी येते. ती गिऱ्हाइकाची नसते, कारण नऊला दुकानाचे शटरसुद्धा अर्धेच वर गेलेले असते. ती वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात काम करणाऱ्याची असते, शेजारच्या दुकानातल्या नोकराची असते, आणि बरेचदा खुद्द मालकाची. ती संध्याकाळी सातला हलते. अकराला आलेले गिऱ्हाईक दोन फेऱ्या मारते, तिसऱ्या फेरीला कंटाळून चौकाच्या तोंडाशी गाडी तिरकी घालते, चारही दिवे लुकलुकत ठेवते आणि ‘दोनच मिनिटे’ म्हणत आत पळते. बाहेर येते तेव्हा वायपरखाली पावती. नऊपासून उभ्या असलेल्या गाडीला कुणी हात लावलेला नाही. तिने कुठलाच नियम मोडलेला नाही, कारण मोडायला नियमच नाही. दंड झाला तो ज्याच्यासाठी बाजार भरतो त्याला. दुकानदाराचा राग खरा आहे, फक्त तो चुकीच्या माणसावर काढला जातो आहे.

ही अडचण आजची नव्हे. चाकाला आणि बाजाराला एकत्र नांदवायचे कसे, हे कोडे मोटारीच्या कितीतरी आधीचे आहे. इसवी सन पूर्व पहिल्या शतकात ज्युलियस सीझरच्या काळातल्या कायद्याने रोममध्ये सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे दिवस मावळायच्या थोडे आधीपर्यंत, बहुतेक गाड्यांना बंदी घातली. देवळांच्या बांधकामाचे सामान वगैरे काही अपवाद होते, अपवाद कुठे नसतात? त्याचा परिणाम असा की गाड्या रात्री खडखडू लागल्या आणि रोमकरांची झोप उडाली. त्याहून जुना दाखला प्राचीन असिरियातल्या निनवेचा राजा सेनाकरीब याचा दिला जातो. राजमार्ग अरुंद करणाऱ्याला सुळावर देण्याची धमकी त्याच्या शिलालेखात आहे, आणि ‘जगातले पहिले नो पार्किंग’ म्हणून ती गंमतीने सांगितली जाते. ती धमकी खरे तर रस्त्यावर घर पुढे सरकवणाऱ्यांसाठी होती, उभ्या रथांसाठी नव्हे. पण मुद्दा कळतो. रस्त्याची जागा सगळ्यांची असते, तेव्हा ती हळूहळू एकाची होऊ लागते आणि मग राज्यकर्त्याला एकदम सूळच आठवतो. मधल्या पायऱ्या कुणी बांधतच नाही.

मधली पायरी बांधली गेली ती १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत. तिथली तक्रार शब्दशः वर सांगितली तीच होती. शहराच्या मध्यभागी काम करणारे लोक सकाळीच गाड्या लावून बसत आणि दुकानात येणाऱ्यांना जागा उरत नसे. वेळेची मर्यादा होती, पण ती पाहणार कोण? पोलीस टायरवर खडूने खूण करत, लोक ती पुसून टाकत. कार्ल मगी हे वृत्तपत्राचे संपादक तिथल्या व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने १६ जुलै १९३५ रोजी जगातले पहिले पार्किंग मीटर, म्हणजे नाणे टाकले की उभे राहायचा वेळ मोजणारे यंत्र, तिथे उभे राहिले. तासाला पाच सेंट. लोक संतापले, रस्त्यावर उभे राहायचे पैसे कसले म्हणून. मीटर सुरुवातीला रस्त्याच्या एकाच बाजूला बसवले होते. मीटरच्या बाजूला जागा मिळू लागली, गिऱ्हाईक येऊ-जाऊ लागले. फुकटची बाजू पूर्वीसारखीच तुंबलेली. थोड्याच दिवसांत फुकटच्या बाजूचे दुकानदार मागणी घेऊन आले की आम्हालाही मीटर द्या. मीटर हे व्यापाऱ्यांनी स्वतःच्या धंद्यासाठी मागून घेतलेले यंत्र आहे, ही गोष्ट नव्वद वर्षांत व्यापारी साफ विसरले, आणि पालिकांना ती आठवण करून देण्यात काही रस उरला नाही.

आता विरोधकांचे म्हणणे, तेही त्यांच्या बाजूने जितके भक्कम मांडता येईल तितके. पहिला मुद्दा स्पर्धेचा. गावाबाहेरच्या मोठ्या दुकानसंकुलात गाडी फुकट लागते आणि फोनवरून मागवलेल्या वस्तूला तर पार्किंगच लागत नाही. अशा वेळी जुन्या बाजारपेठेने येणाऱ्याच्या वाटेत काटे का पसरावेत? मुद्दा दमदार आहे. पण त्या ‘फुकट’ जागेची गोष्ट पुरती ऐकावी. इंग्लंडमधल्या चेम्सफर्डच्या एका दुकानसंकुलात दोन तास पार्किंग फुकट होते. एक गाडी मर्यादेपेक्षा ५६ मिनिटे जास्त राहिली आणि मालकाकडे ८५ पौंडांची मागणी आली. त्याने ती भरली नाही, त्याच्यावर दावा झाला, आणि प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. नोव्हेंबर २०१५ मध्ये सातपैकी सहा न्यायाधीशांनी आकारणी वैध ठरवली. कारण काय दिले? इतर गिऱ्हाइकांना जागा मिळावी म्हणून गाड्या हलत राहण्यात जागेच्या मालकाचे रास्त हित आहे. म्हणजे ज्या संकुलांच्या फुकट पार्किंगचा धाक दाखवला जातो, तीही आपली जागा दिवसभर कुणाला बळकावू देत नाहीत. त्यांना तिची किंमत कळते. ती दारावर घेतली नाही तर वस्तूंच्या किमतीत घेतली जाते, अगदी पायी आलेल्या माणसाकडूनही.

याच खटल्यातली दुसरी बाजू मात्र विरोधकांच्या पदरात पडते, आणि ती लपवण्याचे कारण नाही. त्या जागेचे व्यवस्थापन करणारी कंपनी जमीनमालकाला आठवड्याला १,००० पौंड देत होती आणि तिची कमाई उशीर करणाऱ्यांच्या आकारणीतून होत होती. कुणीच उशीर केला नसता तर धंदा बुडाला असता. न्यायालयाला त्यात बेकायदा काही दिसले नाही, आणि कायद्याच्या चौकटीत कदाचित नसेलही. पण जिचे पोट लोकांच्या चुकांवर भरते ती व्यवस्था पाटी ठळक का लावेल? यंत्र बंद पडले तर दुरुस्त करायची घाई तिला कशी असेल? ‘लूट’ हा शब्द मला आवडत नाही, तो फार स्वस्त झाला आहे. तरी जिथे पावती फाडणाऱ्याला पावतीमागे वाटा मिळतो, तिथे लोक तो शब्द वापरणारच.

दुसरा आक्षेप वेळेच्या अनिश्चिततेचा, आणि तो मला स्वतःला पटतो. खरेदी घड्याळ लावून होत नाही. मापाचे कपडे आतून काढायला वेळ लागतो, पैसे देण्याच्या रांगेत पुढच्याचे कार्ड चालत नाही, बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाला जिना उतरायला दहा मिनिटे लागतात. एकदा मी सहा मिनिटे उशिरा पोहोचलो होतो. पावसात भिजून काचेला चिकटलेली पावती नखाने खरवडून काढताना मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही. सहा मिनिटांचा गुन्हेगार आणि सहा तासांचा गुन्हेगार यांना एकाच मापाने मोजणे हा मूर्खपणा आहे. पण उपाय नियम काढून टाकणे हा नव्हे. इंग्लंडने २०१५ मध्ये रस्त्यावरच्या आणि पालिकांच्या वाहनतळांतल्या जागांसाठी दहा मिनिटांची सवलत कायद्यातच घातली. वेळ संपल्यावर दहा मिनिटे कुणी पावती फाडू शकत नाही. त्याहून सोपे म्हणजे येताना अंदाजाने पैसे भरायला लावण्याऐवजी जाताना उभे राहिलेल्या वेळेचे घ्यावेत. जास्त थांबलेल्याने जास्त द्यावे, घाम फुटायचे कारणच राहणार नाही. अपंगांचे आणि वृद्धांचे तर उलटेच आहे. ज्या रस्त्यावर नियम नाही तिथे जागा आधी येणाऱ्याची, म्हणजे धडधाकटाची. दुकानाच्या दाराशी त्यांच्यासाठी जागा राखायची तर आधी कुणीतरी रस्ता ताब्यात घ्यायला हवा.

तिसरे म्हणणे, गाडीवाले गिऱ्हाईक गेले की धंदाच गेला. ते मनापासून केले जाते, म्हणून जरा तपासून पाहू. बर्लिनमधल्या दोन बाजार-रस्त्यांवर संशोधकांनी दुकानदारांना विचारले, तुमची किती गिऱ्हाइके मोटारीने येतात? दुकानदारांचा अंदाज सुमारे २२ टक्के. मग गिऱ्हाइकांनाच विचारले, तर आकडा ७ टक्क्यांच्याही आत. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जे दुकानदार स्वतः मोटारीने येत त्यांचा अंदाज अधिक फुगलेला होता. यात लबाडी नाही. माणूस आपल्यावरून जग मोजतो, एवढेच. गाडीवाला गिऱ्हाईक आत शिरताच जागा न मिळाल्याबद्दल कुरकुरतो, म्हणून तो लक्षात राहतो. चालत आलेला काहीच बोलत नाही आणि आठवड्यात तीनदा येतो. बर्लिनचा आकडा सगळीकडे लागू होणार नाही. जिथे बस नाही आणि अंतरे मोठी आहेत, तिथे मोटारींचा वाटा कितीतरी जास्त असेल. पण आपल्या बाजारात तो किती आहे हे मोजण्याआधीच निवेदनात ‘ऐंशी टक्के’ लिहिणाऱ्यांवर मी विश्वास का ठेवावा?

मग बंधने काढूनच पाहा, असे कुणी म्हणेल. तोही प्रयोग न ठरवता होऊन गेला आहे. वेल्समधल्या अबेरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावात पार्किंगवर नजर ठेवण्याचे काम पोलिसांकडून स्थानिक कौन्सिलकडे जात असताना मध्ये खंड पडला आणि २०११ ते २०१२ या काळात सुमारे वर्षभर गावात एकही वॉर्डन नव्हता. सुरुवातीला मौज वाटली असणार, कुणाला नाही वाटणार? पण लवकरच गाडी लावायला मनाई दाखवणाऱ्या दुहेरी पिवळ्या रेघांवर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि मधल्या रस्त्यांवर कोंडी होऊ लागली. २०१२ मध्ये वॉर्डन परत आले. दंड नसलेल्या बाजारात जागा गिऱ्हाइकाला मिळते हा भ्रम तिथे वर्षभरात फिटला. जागा मिळते ती लवकर उठणाऱ्याला.

आता वळू पालिकेकडे, कारण तिच्या चुका जास्त महाग पडतात. पालिकेची ठाम समजूत अशी, की दंड वाढवला म्हणजे शिस्त येते. बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवले आहे की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री माणसाला जास्त आवरते. दोनशे वर्षांनी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला निघाले होते. उशीर झालेला. वाहनतळात गाडी लावावी, की रस्त्यावर नियम मोडून लावावी आणि दंडाचा धोका पत्करावा? त्यांनी मनात हिशेब केला, पकडले जाण्याची शक्यता किती आणि दंड किती, आणि रस्त्यावर लावली. गुन्हा आणि शिक्षा यांच्या अर्थशास्त्राची त्यांची मांडणी या हिशेबातून सुरू झाली, असे त्यांनीच १९९२ च्या नोबेल व्याख्यानात सांगितले. बेकरना त्या दिवशी दंड झालाच नाही, हेही सांगायला हवे. बाजारात रोज येणारा कारकून हाच हिशेब नोबेलशिवाय करतो. महिन्यातून एकदा पावती होते, तिची रक्कम महिनाभराच्या वाहनतळाच्या भाड्यापेक्षा कमी भरते, म्हणजे पावती हेच स्वस्त भाडे. दंड दुप्पट केला तरी पकडण्याची खात्री नसेल तर तो नशिबाला दोष देतो आणि पुन्हा तिथेच लावतो. सापडते ते वर्षातून दोनदा येणारे, गल्ल्या न ओळखणारे गिऱ्हाईक.

दंडाचे भाडे कसे होते हे इस्राएलमधल्या हायफाच्या पाळणाघरांनी फार मजेशीर दाखवून दिले. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना तिथे छोटा दंड लावला, तर उशीर करणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशिराची लाज वाटत होती. आता तिचे पैसे मोजले होते. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही, गेलेली लाज परत आली नाही. म्हणून भाडे आणि दंड यांची सरमिसळ करू नये. जागा वापरायची तर भाडे द्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसऱ्याची वाट अडवली, अपंगांच्या जागेवर गाडी घातली, तर दंड. भाड्याला दंड म्हटले की प्रामाणिक माणूस अपमानित होतो, आणि दंडाचे भाडे झाले की निर्ढावलेला सुखावतो.

आणि खात्रीने काय होते? न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या राजदूतांचे उदाहरण यासाठीच द्यायचे. राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून दंड वसूल होत नसे. नोव्हेंबर १९९७ ते २००२ अखेर त्यांच्या न भरलेल्या पावत्या दीड लाखांवर गेल्या, थकबाकी १.८ कोटी डॉलरच्या पुढे. मग दंड थकवणाऱ्या गाड्यांच्या खास नंबर-पाट्या काढून घेण्याचे आणि थकबाकी त्या त्या देशाला मिळणाऱ्या अमेरिकी मदतीतून वळती करण्याचे ठरले, आणि असे प्रकार सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. माणसे तीच, घाई तीच, शहर तेच.

उरला प्रश्न पैशाचा. शिकागोने २००८ मध्ये आपली सुमारे ३६,००० मीटर ७५ वर्षांच्या कराराने खासगी गुंतवणूकदारांना १.१५ अब्ज डॉलरला देऊन टाकली. रक्कम बहुतेक काही वर्षांतच खर्चून टाकली, दर भराभर वाढले, आणि रस्त्यावर काही कारणाने मीटर बंद ठेवावे लागले तर शहरालाच भरपाई देणे आले. शहराच्याच महानिरीक्षकांनी पुढच्या वर्षी दाखवून दिले की सौदा जवळजवळ एक अब्ज डॉलरने स्वस्तात गेला. याउलट कॅलिफोर्नियातल्या जुन्या पासाडेनाच्या बाजाराचे पाहा. तिथले दुकानदार मीटरच्या विरोधात होते, कारण नेहमीचेच. पालिकेने देऊ केले की मीटरचे उत्पन्न याच बाजारावर खर्च होईल, फुटपाथ, दिवे, झाडे, सफाई. १९९३ मध्ये मीटर लागले, आणि संध्याकाळी व रविवारीही चालू ठेवायला दुकानदारांनीच मान्यता दिली. डोनाल्ड शूप या अभ्यासकाने हे उदाहरण जगभर नेले. रस्त्यावर नेहमी शंभरातल्या पंधराएक जागा रिकाम्या राहतील असा दर ठेवा, जास्त नको नि कमी नको, हे त्यांचे सूत्र. लॉस एंजेलिसमधल्या पंधरा गल्ल्यांच्या एका बाजारात केवळ जागा शोधत फिरण्यात वर्षाला सुमारे १५ लाख किलोमीटर वाया जातात, असा हिशेब त्यांनी मांडला होता. त्या इंधनाचे आणि वैतागाचे पैसे गिऱ्हाईकच भरते, फक्त त्याची पावती निघत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी निवेदनावर सह्या घेण्याआधी व्यापाऱ्यांनी आणि आदेश काढण्याआधी पालिकेने एकच काम करावे. गर्दीच्या एका दिवशी, सकाळी नऊपासून दर तासाला, मुख्य रस्त्यावर उभ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवावेत. एक पेन्सिल आणि एक माणूस पुरे, सल्लागाराला लाखो द्यायला नकोत. संध्याकाळी कुठला नंबर सलग किती वेळा आला ते मोजावे. मग पुढच्या बैठकीत नऊ ते सात उभ्या असलेल्या गाड्यांची ती यादी मोठ्याने वाचावी, आणि समोर बसलेल्यांपैकी कोण खिशातली किल्ली चाचपते ते पाहावे.